गार गच्चीचा प्रयोग

घरात एसी घ्यायचा नाही, त्यापेक्षा गच्चीला पांढरा रंग द्यायचा, असं हेडक्लार्कांनी सुटीच्या दिवशी सकाळी दाढी करता करता ठरवलं. दाढी करताना घेतलेला निर्णय ते कधी फिरवत नसत. (दाढी उरकल्यावर पुष्कळदा वाटायचं की फिरवायला हवा होता, पण तोवर बायकोला सांगून झालेलं असायचं.)

त्या साली उन्हाळा असा काही पेटला होता की घरातल्या खुर्च्यासुद्धा बसल्या बसल्या चटके द्यायच्या. अंघोळीला गरम पाणी हवं तर नळ सोडायचा. गार हवं तर ते आधी माठात भरून ठेवायचं आणि घरातलं दुसरं कुणी पिऊन टाकेल म्हणून त्यावर पहारा करायचा. ऑफिसात एकच धड पंखा होता आणि तो मोठ्या साहेबांच्या डोक्यावर होता. तिथून हेडक्लार्कांपर्यंत वारा पोचायचा तो फक्त टेबलावरचे कागद उडवण्यापुरता.

उकाडा एक वेळ परवडला, पण त्याच्या कारणांवरचा वाद नको, अशी घराची अवस्था झाली होती. त्यांचे सासरे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आपल्या गावी फार उकडतं म्हणून ते लेकीकडे आले होते आणि इथेही तेवढंच उकडतं हे कळल्यावर, आलोच आहोत तर जावयाला चार गोष्टी शिकवून जाऊ, अशा विचाराने राहिले होते.

"सूर्याची चक्रं असतात, जावईबापू," सासरे पंख्याखालची जागा न सोडता म्हणायचे. "तो कधी तापतो, कधी निवतो. माणूस कोण लागून गेला त्याला तापवणारा?"

"माणसानेच तापवलंय, बाबा. हा धूर, या मोटारी, ही तोडलेली झाडं. आणि हे एसी. स्वतःची खोली गार करायची आणि आतली गरम हवा दुसऱ्याच्या अंगावर सोडायची."

शेवटचं वाक्य बोलताना हेडक्लार्कांची नजर शेजारच्या घराकडे वळायची. शेजारच्या माडीवर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्याची खिडकी यांच्या गच्चीवर उघडायची आणि खिडकीशेजारी एसीचं बाहेरचं खोकं दिवसभर घरघरत गरम हवा ओकायचं. जगाच्या तापमानवाढीत या दातवाल्यांचा वाटा किमान निम्मा असावा, असा हेडक्लार्कांचा हिशेब होता.

बायको वादात पडत नसे. तिची दाढ आठवडाभर दुखत होती, त्यामुळे ती जेवणं उरकली की शेजारी दाखवायला जायची आणि सूर्य कलल्यावर परतायची. हेडक्लार्क मनाने हळवे. तिला चावायला त्रास नको म्हणून त्यांनी स्वतःही आठवडाभर सगळं मऊसूत करायला लावून तसंच खाल्लं होतं.

तर त्या दिवशी लवकर जेवून रंगाचा डबा आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन ते गच्चीवर गेले. जाण्यापूर्वी त्यांनी घरात पुन्हा एकदा हुकूम सोडला होता: ऊन चढलं की सगळी दारं-खिडक्या कडी लावून बंद, गरम वारा आत येता कामा नये. जिन्यापाशी थोडी सावली होती, म्हणून त्यांनी दारापासूनच रंगवायला सुरुवात केली. उन्हाने डोकं तापलेल्या माणसाला हे अगदी शहाणपणाचं वाटतं.

ते जेमतेम उंबऱ्यापुढची फरशी रंगवतायत तोच सासरे वर आले, फरशी ओलांडून पलीकडे गेले आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बैठक मारून बसले.

"मला फक्त बघायचंय," ते म्हणाले, आणि लगेच बोलायला लागले. "पांढऱ्या रंगाने ऊन परत जातं हे खरं. पण परत जाऊन ते जाणार कुठे?"

"वर."

"वर हवाच आहे ना? ती तापणार. म्हणजे तुम्हीपण दातवाल्यांसारखेच."

हे हेडक्लार्कांच्या वर्मी लागलं. त्यांनी ब्रशचा वेग वाढवला आणि प्रत्येक मुद्द्याला उत्तर देत, मागे मागे सरकत, गच्ची रंगवत गेले. मुद्दे संपेपर्यंत गच्चीही संपली. पाठ टाकीला टेकली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण आणि सासरे एका टोकाला आहोत, दार दुसऱ्या टोकाला आहे आणि मध्ये ओला, पांढराशुभ्र, झळझळता रंग आहे.

"छान झालंय," सासरे म्हणाले. "आता खाली कसं जायचं?"

रंग वाळेपर्यंत थांबू, असं ठरलं. पण सूर्य नेमका डोक्यावर आला आणि टाकीची सावली आखडत आखडत सासऱ्यांच्या मांडीपुरती उरली. त्यातच पांढरी गच्ची आपलं काम चोख करत होती. पडेल ते ऊन ती इमानेइतबारे परत पाठवत होती, आणि वाटेत हे दोघे बसले होते. वरून भाजणं वेगळं आणि खालून भाजणं वेगळं. दोन्हीकडून एकदम भाजणं हा अनुभव हेडक्लार्कांना नवीन होता.

शेवटी रंगाची पर्वा न करता ते अनवाणी दारापर्यंत गेले. दाराला आतून कडी होती. त्यांनी हाका मारल्या, दार बडवलं, मग उमगलं की घरातल्या माणसाने आपला हुकूम पहिल्यांदाच तंतोतंत पाळला आहे. आणि पाळून ते माणूस दाढ दाखवायला गेलं आहे. ते आपल्याच पावलांच्या खुणांवरून परत आले, पण खुणांत पाऊल नीट पडेना, त्यामुळे खुणा दुप्पट झाल्या.

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला होता. "जावईबापू," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "माणसाचा थोडाफार हात असेलही यात."

हेडक्लार्क घाबरले. सासरे वादात माघार घेतायत म्हणजे प्रकृती नक्की बिघडली. त्यांनी टाकीची तोटी सोडली. पाणी चहाला चालेल इतकं कढत. काय करावं म्हणून चहूकडे बघताना त्यांना दवाखान्याच्या भिंतीवरची एक बारीक नळी दिसली. एसीतून तिच्यावाटे थेंब थेंब पाणी गळत होतं. त्यांनी रुमाल खाली धरला. पाणी बर्फासारखं गार होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं (तत्त्वाचा माणूस अशा वेळी आधी आजूबाजूला पाहतो) आणि रुमाल सासऱ्यांच्या टाळूवर ठेवला. दुसऱ्या खेपेला स्वतःच्या.

"कुठून आणलंत हो हे?" सासऱ्यांनी डोळे मिटून विचारलं.

"आहे असंच. नैसर्गिक."

"बघा. निसर्ग तापवतो तसा निववतोही."

"तसं म्हटलं तर चक्रं असतात खरी," हेडक्लार्क म्हणाले. रुमाल फारच गार होता.

मग सासऱ्यांनी डोळे उघडले, नळी पाहिली आणि माणसानेच सगळा घोटाळा केलाय असं जोरात मांडायला घेतलं. हेडक्लार्क सूर्याची बाजू लढवू लागले. वाद पुन्हा रंगला, फक्त बाजू बदलल्या होत्या आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. वाद घालता घालता दोघे नळीकडे सरकत गेले आणि खिडकीच्या काचेशी पोचले.

आत लोक ओळीने बसले होते. गाल सुजलेला एक गृहस्थ, रिसेप्शनच्या बाई आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत, एसीच्या अगदी झोतात, शाल पांघरून मासिक वाचत बसलेली हेडक्लार्कांची बायको. तिच्या चेहऱ्यावर दाढदुखीचं चिन्ह नव्हतं. ती गालातल्या गालात हसत पान उलटत होती.

हेडक्लार्कांनी काच वाजवली. सुजक्या गालाच्या गृहस्थांनी पाहिलं. बाहेर डोक्यावर ओला रुमाल आणि अंगभर पांढरे डाग असलेला एक माणूस हातवारे करत होता. त्यांनी सभ्यपणे हात जोडून नमस्कार केला आणि दवाखाना बदलावा का, अशा विचारात पडले. शेवटी बायकोनेच मान वर केली, थोडा वेळ टक लावून पाहिलं आणि उठून खिडकी उघडली.

"बाबांना आधी आत सोडा," ती म्हणाली. "आणि तुम्ही पाय पुसून या."

आतली हवा अंगाला लागली तेव्हा हेडक्लार्कांना आपली सगळी तत्त्वं आठवली, पण ओळीने नाही, तुटक तुटक. सासरे रिकाम्या खुर्चीत बसले आणि इतक्या समाधानाने सुस्कारले की तापमानवाढीचा विषय त्यांच्यापुरता मिटला. पण रिसेप्शनच्या बाई कडक होत्या.

"बसायची जागा पेशंटसाठी आहे," त्या म्हणाल्या. "पेशंटबरोबरच्या माणसांनाही चालेल. पण पेशंट पाहिजे." त्या बायकोकडे वळल्या. "ताई, तुमच्या दाढेला काही झालेलं नाही, हे डॉक्टरांनी काल तिसऱ्यांदा सांगितलंय."

बायकोने वडिलांकडे पाहिलं. सासऱ्यांनी शांतपणे तोंडातली कवळी काढली, बाईंना दाखवली आणि परत बसवली. "माझ्याकडून काही होण्यासारखं नाही," ते म्हणाले.

मग दोघांनी मिळून हेडक्लार्कांकडे पाहिलं. हेडक्लार्कांनी खिडकीबाहेर पाहिलं. गच्ची उन्हात तव्यासारखी चमकत होती.

"माझी दुखतेय," ते म्हणाले. "ही. मागची."

डॉक्टरांनी त्यांना तपासणीच्या खोलीत नेलं. तिथल्या खुर्चीवर आडवं करून, मोठा दिवा तोंडावर ओढून, त्यांनी ती दाढ बारकाईने पाहिली आणि बरं झालं आलात, असं म्हणाले. दाढ आतून पूर्ण किडली होती. आत्ता सुरुवात करायची आणि पुढे उन्हाळाभर यावं लागेल. हेडक्लार्क काही बोलणार होते, पण तोवर तोंडात दोन अवजारं आणि एक बोळा गेला होता. दिव्याची धग थेट नाकाच्या शेंड्यावर येत होती. इंजेक्शनने जीभ जड झाली. घामाची धार मानेवरून कॉलरमध्ये उतरली. त्यांनी कसंबसं बोट छताकडे करून काहीतरी विचारलं.

"एसी का?" डॉक्टर म्हणाले. "या खोलीतला मी बंदच ठेवतो. उघड्या दाढेला गार वारा लागला तर जीव जातो माणसाचा."

बाहेरच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. ती रिसेप्शनच्या बाईंना विचारत होती की एसी थोडा कमी करता येईल का, बाबांना हुडहुडी भरलीय.