आंघोळ केल्याशिवाय आत प्रवेश नाही

युटलंडमधल्या मोन्स स्कोवगोर या मालकाच्या डुक्करपालन केंद्रात सुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य होते. कोणाच्या, एवढेच कोणी विचारले नव्हते. एका सकाळी जुन्या कामगार प्रेबेनच्या पायावर अडीचशे किलोची डुकरीण बसली आणि हाड मोडले, तेव्हा तो प्रश्न निघाला.

रुग्णवाहिका तत्परतेने आली. सुरक्षा अधिकारी बिर्गिटेने तिला दारातच अडवले.

"आधी साबण लावून आंघोळ. आमच्या डुकरांना रोग लागला तर? आणि काल कुठे होतात?"

"शेजारच्या डुक्करपालन केंद्रात," रुग्णवाहिकेतला माणूस म्हणाला. " तिथे एकाचा हात मोडला होता."

"मग दोन दिवस आत पाऊल टाकायचं नाही!"

आतून प्रेबेन ओरडला, "अगं बाई, मला बाहेर तरी ओढा!"

"जखमीला प्रशिक्षित माणसानेच हलवायचं, प्रेबेन."

"प्रशिक्षित कोण आहे इथे?"

"तूच."

सुदैवाने डुकरांचा डॉक्टर आतच होता. माणसाला सुई टोचली तर त्याचा परवाना जाणार होता. डुक्कर असते तर मात्र कायद्याने ताबडतोब वेदनाशामक, मऊ पेंढा आणि स्वतंत्र खोली.

"मग मारा की डुकराचा बिल्ला माझ्या कानाला!" प्रेबेन कळवळला.

पिवळा बिल्ला कानात बसला. पेंढा उबदार होता आणि डॉक्टर दोनदा विचारपूस करून गेला. इतक्या वर्षांत 'दुखतंय का रे?' असे कोणी विचारले नव्हते, म्हणून प्रेबेनला रडूच आले.

दोन दिवसांनी रुग्णवाहिकेची माणसे आंघोळ करून, लख्ख होऊन आत आली. बिर्गिटे पुन्हा आडवी आली.

"लंगडं जनावर गाडीत चढवायला मनाई आहे."

"आणि बरं नाही झालं तर?" रुग्णवाहिकेतल्या माणसाने विचारले.

"तर जागीच..." डॉक्टर म्हणाला आणि छताकडे बघू लागला.

प्रेबेनने दारात उभ्या मालकाकडे हात पसरले. "मोन्स, तीस वर्षं ओळखतोस मला! मी माणूस आहे, सांग ना यांना!"

मोन्स ओशाळला. "सांगतो रे. पण माणूस म्हटलं की अपघात नोंदवावा लागेल. यंदा एकही अपघात नाही म्हणून उद्या सगळ्यांना केक आहे. त्यावर तसं लिहूनही झालंय."

प्रेबेनचे पुढे काय झाले, असे तुम्ही आता विचाराल. त्या केंद्राच्या मांसाच्या पाकिटावर 'सुखात वाढलेले डुक्कर' असे छापलेले असते, आणि गिऱ्हाईक तेवढे वाचून समाधानाने घरी जाते. तुम्ही डुक्कर खात नाही, म्हणून सुटलात म्हणता? सकाळच्या दुधाच्या पिशवीवर गाय हसते आहे. धार काढताना तिने ज्याला लाथ मारली, त्याचे पुढे काय झाले?