पांढरे ठिपके

मुलांनो, शेजारच्या अण्णांनी तुमच्या बाबांचा शेला भर लग्नात मांडवाबाहेर नेऊन उन्हात धरला होता, हे माझ्या लेकीने, तुमच्या आईने, तुम्हाला सांगितलं नसेल. परत येऊन ते मला म्हणाले, "दोन धागे तुटलेत, बाई. नवरा ठीक है, कपडा लौटा दो."

अण्णा कापड गिरणीत तपासनीस होते. गिरणी बंद पडली, तपासणी नाही. पापड, पोळी, नवी नोट, सगळं आधी उजेडात. "दिखेगा तो मानेंगे!" मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून त्यांची 'बाई'. त्यांच्या पत्नी सुमनताई एकदा वैतागून म्हणाल्या, "माझ्यात खोट दिसली असती तर मलाही परत धाडलं असतं."

"देखी थी ना. चला ली."

पुढे खरीच खोट निघाली. सुमनताईंच्या यकृतात गाठ.

अण्णांचा गोळ्यांवर विश्वास नव्हता. "पेट में गई, मग कुठे गेली, कोण जाणे!" तुकोगंजातल्या डॉक्टरीणबाईंनी एक नवा, अजून चाचणीतलाच उपचार सुचवला. औषध भरलेले, वाळूहून बारीक कण नळीने थेट गाठीच्या रक्तवाहिनीत सोडायचे. तिथे अडकून ते औषध झिरपवतात, स्कॅनमध्ये पांढरे दिसतात, आणि काही आठवड्यांत आपोआप विरघळतात.

दिसणारं औषध! अण्णा हरखले. पहिली फिल्म त्यांनी खिडकीच्या काचेला चिकटवली आणि दूधवाल्यालासुद्धा वर बोलावलं. "ये देखो भिया, एकेक दाणा बरोबर जागेवर."

"माझ्या पोटाचं प्रदर्शन मांडलंय," सुमनताई आतून म्हणाल्या. "तिकीट तरी लावा!"

दोन महिन्यांनी दुसरा स्कॅन झाला. फिल्मवर एकही ठिपका नव्हता. अण्णा इंग्रजी रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले; मागोमाग सुमनताई आल्या आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

पहिली ओळ मी मोठ्याने वाचली, "कण अपेक्षेप्रमाणे पूर्ण विरघळले आहेत." दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, गाठ वाढली आहे. मी चष्मा पुसायला घेतला, तेवढ्यात अण्णांनी कागद ओढला.

"बस, बाई! समझ गए. ठिपके गेले, बिमारी गेली!"

आणि जलेबी आणायला धावले. साऱ्या कॉलनीत वाटली. जन्मभर मुलींचे स्वल्पविरामासाठी गुण कापणारी मी, ती जलेबी मुकाट्याने खाल्ली. मनात अण्णांना काय काय बोलले! तुटलेला धागा दहा हातांवरून दिसतो, आणि एवढं कळत नाही? कण विरघळणारच होते. गाठ थोडीच विरघळणार होती? औषध नेमक्या पत्त्यावर पोहोचलं, सगळ्यांना दिसलं, आणि हरलं.

सुमनताई बेटम्याला बहिणीकडे गेल्या, आठ दिवस मनसोक्त भांडून आल्या, दोन साड्यांना फॉल लावला. मग अंथरूण धरलं, आणि गेल्या.

महिन्याभराने एका दुपारी अण्णा आले तेव्हा मी कबूल केलं, "अण्णा, त्या दिवशी मी दुसरी ओळ वाचली नाही."

"मालूम है. डॉक्टरीणबाईंनी मला सकाळीच फोनवर सांगितलं होतं."

"आणि मी ती वाचली असती तर?"

"कशी वाचाल? तुमचा चेहरा पडला, तेव्हाच तर कागद ओढला."

"मग माझ्याकडे आणलातच कशाला?"

अण्णांनी चपलेचा अंगठा चाचपून पाहिला. "माझं झूठ तिला लगेच कळायचं, बाई. तुमच्यावर तिचा भरोसा होता."

मला इतका राग आला, मुलांनो, की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ते मात्र दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत.