लिफ्टशेजारची जागा आणि सोळा नंबर

"चिठ्ठ्या? अहो, कुठल्या जमान्यात आहात!" सोळा नंबरातले जावईबापू सोसायटीच्या बैठकीत छाती फुगवून म्हणाले होते. "मी वेबसाइटच बनवतो! बटण दाबलं की संगणक स्वतःच एक घर निवडेल. ना वशिला, ना भांडण!"

प्रश्न होता लिफ्टशेजारी रिकाम्या झालेल्या गाडीच्या जागेचा. हवी ती सगळ्यांनाच होती, पण खरी गरज सासूबाईंना! त्या लेक-जावयाकडेच राहायच्या आणि गुडघे पार कामातून गेलेले. गाडी लागायची रस्त्याच्या टोकाला. तिथून घरी येईपर्यंत बिचारीचा जीव मेटाकुटीला यायचा. "आईला ही जागा मिळालीच पाहिजे," असं बायकोनं बजावून ठेवलं होतं. जसं काही ते ह्यांच्या हातात होतं!

सोडतीच्या दिवशी तळमजल्यावरचा हॉल गच्च भरला. भिंतीवर मोठा पडदा. जावईबापूंनी ऐटीत बटण दाबलं. सोळा!

"योगायोग!" म्हणून ते एकटेच हसले.

"हा धरायचा नाही. पुन्हा दाबा," सेक्रेटरी म्हणाले.

सोळा! आणखी एकदा दाबलं. सोळाच!

"वा रे वा! वेबसाइट यांची, यंत्र यांचं, नंबरही यांचाच!" नऊ नंबरातले दातांचे डॉक्टर कडाडले. मागून कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं.

जावईबापूंना दरदरून घाम फुटला. घाईघाईनं ते प्रोग्राम चाळू लागले आणि एकदम ओरडले, "सापडलं!" झालं होतं असं, की संगणकाला आधी सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो, त्यावरून तो पुढचे आकडे काढतो. सुरुवात तीच, तर निकालही तोच. चाचणी करताना ह्यांनी तो आकडा पक्का करून ठेवला आणि काढायला साफ विसरले! आता काढला. बटण दाबून दाखवलं. सात! बावीस! तीन! लोकांचा जीव भांड्यात पडला.

"चला, आता खरी सोडत," अध्यक्ष म्हणाले.

सगळ्यांनी श्वास रोखले. जावईबापूंनी डोळे मिटून बटण दाबलं.

सोळा!

हॉलमध्ये नुसता गदारोळ उसळला! "अहो, ह्या वेळी खरंच आलाय!" जावईबापू जीव तोडून सांगू लागले. "सगळ्या घरांना सारखी संधी, त्यात आमचंही घर आलंच ना!" पण ऐकतो कोण? डॉक्टर बाह्या सरसावत पुढे आले. सासूबाई खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून जावईबापूंचं उरलंसुरलं अवसानही गळालं.

त्यांनी हळूच पडद्याची वायर काढली आणि प्रोग्राममध्ये एकच ओळ घातली: सोळा कधीही निवडू नकोस. वायर जोडली. बटण दाबलं.

नऊ!

टाळ्यांचा कडकडाट! "ह्याला म्हणतात प्रामाणिक सोडत!" सेक्रेटरींनी हात हातात घेतला. डॉक्टरांनी तर मिठीच मारली. "उगाच संशय घेतला हो तुमच्यावर!"

हॉल रिकामा झाल्यावर सासूबाई काठी टेकत जवळ आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"चार लोकांत अब्रू राखलीत हो, जावईबापू. जागेचं मनाला लावून घेऊ नका. माझं नशीबच फुटकं, त्याला तुम्ही तरी काय करणार!"

"हो ना, आई," जावईबापू जमिनीकडे बघत म्हणाले.