गाडी रिकामी देऊ नये

दोन्ही नंबरप्लेट्स काखोटीला मारून श्रीरंग बसमधून उतरला आणि घरी आला, तेव्हा तो फार खुशीत होता.

"झालं काम," तो म्हणाला. "गाडी अबमेल्डन केली, नोंदणीच रद्द. सरकारदरबारी आता तिच्यावर माझं नाव नाही."

"आणि गाडी कुठंय?" सुलेखाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"खालीच की. रस्त्यावर."

"मग त्या संस्थेकडे ती जाणार कशी? नंबर नसलेली गाडी चालवता येते का इथे?"

श्रीरंग जर्मनीत इंगोलश्टाटमधल्या एका कंपनीत ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायचा. थांबायचं कसं याचा विचार तो रोज करत असे, जायचं कसं हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने वडिलांकडे पाहिलं. कारण मूळ कल्पना त्यांची होती.

नाना, म्हणजे पद्माकरराव, पुण्यातल्या एका कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल. मुलाकडे येऊन त्यांना दोन आठवडे झाले होते. पंधरा वर्षं जुनी गाडी बेघरांना जेवण देणाऱ्या संस्थेला द्यायची असं ठरलं, तेव्हा ते पुस्तकातून मान वर न करता म्हणाले होते, "द्यायची तर आधी आपलं नाव काढून टाक. नाव ठेवून दिलं तर ते दान नव्हे, उसनवारी." श्रीरंगला ते पटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाने घेऊन प्लेट्स काढायला बसला होता.

"मी आपलं तत्त्व सांगितलं," नाना आता पुटपुटले. "माझं चुकलंही असेल."

श्रीरंगने संस्थेला फोन केला. तिथल्या बाई गोड बोलल्या. गाडी न्यायला ट्रक पाठवू, पण शुक्रवारी सकाळी दहा वाजता, त्याआधी नाही.

मंगळवारी गाडीच्या काचेवर एक नारिंगी कागद चिकटलेला दिसला. बिननंबरची गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी आहे, शुक्रवारी दुपारपर्यंत हलवावी, नाहीतर उचलून नेऊ आणि दंड करू. तो वाचून श्रीरंग पायरीवरच बसला. शुक्रवारी दहालाच त्याला आणि सुलेखाला परदेशी लोकांच्या कचेरीत बोलावलं होतं. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळायचा होता. या एका दिवसासाठी श्रीरंगने पाच वर्षं, रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्यावर पाऊल उचललं नव्हतं. एकदा दुसऱ्याच कोणीतरी काचेच्या बाटल्यांच्या कचरापेटीत टाकलेली प्लास्टिकची बाटली त्याने हात घालून बाहेर काढली होती. आणि आता हा कागद.

"दंड झाला तर फाइलला लागेल," तो म्हणाला. "पाच वर्षं पाण्यात."

"काही लागत नाही," सुलेखा म्हणाली. "नाना थांबतील ना गाडीपाशी. किल्ली द्यायची, सही करायची. काय हो नाना?"

"थांबतो की," नाना म्हणाले. "सहीला काय लागतंय?"

नाना कधी हरवले तर असावी म्हणून श्रीरंगने जर्मनमध्ये एक चिठ्ठी आधीच लिहून दिली होती. 'मला जर्मन येत नाही. मी सापडलो तर कृपया माझ्या मुलाला फोन करा.' खाली नंबर. ती नानांच्या कोटाच्या खिशात होती. आता मुखत्यारपत्राची भर पडली. ते चुरगळू नये म्हणून नानांनी पुस्तकात ठेवलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण बुधवारी सुलेखाला वाटलं की गाडी रिकामी कशी द्यायची? तिच्या माहेरी शेजारणीचा डबा कधी रिकामा परत गेला नव्हता. इथे तर चार दारांची अख्खी गाडी. तिने मागच्या सीटवर दोन ब्लँकेटं आणि एक उशी ठेवली. डिकीत पाच किलो तांदूळ, जुना कुकर, दोन पातेली, श्रीरंगचे आखूड झालेले स्वेटर.

"अगं, ते गाडी विकून पैसे उभे करतात. कुकर काय करतील?"

"भात," सुलेखा म्हणाली.

आणि नानांना एक शोध लागला. गाडीत फार शांत असतं. घरात मिक्सर होता, टीव्ही होता, शुक्रवारच्या मुलाखतीची उत्तरं मोठमोठ्याने पाठ करणारा मुलगा होता. गाडीत काहीच नव्हतं. 'जरा लक्ष ठेवून येतो' असं म्हणून ते सकाळी खाली जायचे, माकडटोपी घालून मागच्या सीटवर बसायचे, गुडघ्यांवर ब्लँकेट घ्यायचे आणि दुपारपर्यंत वाचायचे. अकराच्या सुमारास डब्यातला चिवडा खायचे.

समोरच्या इमारतीत ओबरमायर नावाचे गृहस्थ राहत. दिवसभर खिडकीत बसून त्यांनी हे सगळं पाहिलं. नंबर नसलेली गाडी. काचेवर नारिंगी कागद. आत उशी, पांघरुणं आणि टोपीतला एक म्हातारा. ऑक्टोबरची थंडी पडली होती. शुक्रवारी सकाळी त्यांना राहवलं नाही. त्यांनी पोलिसांना फोन केला.

दहाला पाच कमी असताना एका तरुण पोलिसाने काचेवर टकटक केली.

"ही गाडी तुमची?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"नाही," नाना म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "आता कोणाचीच नाही."

"मग तुम्ही आत काय करता?"

"मुलाने बसवलंय."

"मुलगा कुठे आहे?"

"तो इथे कायमचं राहायला मिळावं म्हणून गेलाय."

पोलिसाने डिकी उघडून बघितली. तांदूळ, कुकर, पातेली. त्याचा चेहरा मऊ झाला. नाना घाईघाईने मुखत्यारपत्र शोधू लागले, पण त्यांनी तीन पुस्तकं बरोबर आणली होती आणि ते तिसऱ्यात होतं. दुसरं झटकूनही ते मिळालं नाही. शेवटी त्यांनी खिशात मिळाला तो कागद पुढे केला.

पोलिसाने तो दोनदा वाचला. 'मी सापडलो तर.'

इकडे परदेशी लोकांच्या कचेरीत लेखनर आडनावाच्या अधिकारी बाई फाइलचं शेवटचं पान तपासत होत्या. "आल्झो, तर मग पगार ठीक. भाषा ठीक. पेन्शनचे हप्ते ठीक. वोनराउम, म्हणजे राहायला पुरेशी जागा..."

श्रीरंगचा मोबाइल वाजला. ट्रकवाला असेल म्हणून त्याने घाबरतच उचलला. पोलिसाचा आवाज टेबलापलीकडेही स्वच्छ ऐकू जात होता.

"तुम्ही वडिलांना गाडीत ठेवून गेलात?"

"हो," श्रीरंग म्हणाला. "म्हणजे, दहा वाजेपर्यंतच."

"शेजारी म्हणतात, तीन दिवस झाले. स्वयंपाकाची भांडी आहेत आत!"

लेखनरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमचे वडील गाडीत राहतात?"

"नाही हो! त्यांना स्वतंत्र खोली आहे. चौऱ्याहत्तर चौरस मीटरचं घर आहे आमचं!"

"भांडी मी ठेवली," सुलेखा मदतीला धावली. "गाडी रिकामी दिसू नये म्हणून."

याने कुणाचंच समाधान झालं नाही. लेखनरबाईंनी हात पुढे करून फोन मागितला, पोलिसाशी दोन मिनिटं बोलल्या आणि म्हणाल्या, "वडिलांनाच विचारते. तुम्ही भाषांतर करा. जसंच्या तसं." त्यांनी स्पीकर चालू केला.

"नाना," श्रीरंग रडकुंडीला येऊन म्हणाला, "तुम्हाला घरात खोली आहे की नाही? सांगा ना."

"आहे की. छान आहे."

श्रीरंगने लगेच भाषांतर केलं. बाईंनी मान हलवली. "मग ते गाडीत का बसतात?"

श्रीरंगने तेच मराठीत विचारलं. मग नाना हळूच म्हणाले, "सुलेखा आहे का तिथे?"

"आहे."

"तरी सांगतो. रागावू नकोस गं. घर चांगलंच आहे. पण गाडीत मला कोणी 'नाना, चहा घेता का' असं विचारत नाही. तीन दिवसांत चारशे पानं झाली."

श्रीरंगने सुलेखाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, काचेवरचा तो नारिंगी कागद त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याने शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला. चहासकट.

लेखनरबाईंनी फाइल मिटली.

"माझे वडीलही बसतात," त्या म्हणाल्या. "गॅरेजमध्ये. गाडी तीन वर्षं बंद आहे. नोंदणीही रद्द, अबगेमेल्डेट."

"वाचतात?" सुलेखाने विचारलं.

"नाही. नुसते बसतात. आई तिथे येत नाही ना."

फोनमधून ट्रकचा आवाज आला, मग पोलिसाचा. कागद सापडला होता, नानांनी सही केली होती, गाडी तांदळासकट ट्रकवर चढत होती आणि नारिंगी कागदाचं प्रकरण त्याच्यापुरतं संपलं होतं. बाईंनी 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'बरोबर, बरोबर', म्हणत फोन परत दिला आणि दोन्ही पासपोर्टांत परवाना चिकटवून त्यावर शिक्का मारला. श्रीरंगला उठायचं भान राहिलं नाही.

"एक विचारू?" बाईंनी आवाज खाली आणला. "ती संस्था बंद पडलेल्या गाड्याही नेते का?"

"नेते ना! फुकट नेते!" श्रीरंगने उत्साहाने नंबर सांगितला. त्यांनी तो एका चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहून घेतला. मग त्या चिठ्ठीकडे त्यांनी नीट पाहिलं, तिची बारीक घडी केली आणि ती टेबलाखालच्या टोपलीत टाकली.

"नको," त्या म्हणाल्या. "मग ते घरात येऊन बसतील."