बोरटोल्याचे कोरडे प्रात्यक्षिक

जो शत्रू डोळ्यांना दिसत नाही, त्याच्याविरुद्धची मोहीम हमखास यशस्वी होते. लहान मुलांच्या पोटात शिरून जुलाब लावणारा जंतू हा अशा शत्रूंमध्ये अग्रगण्य. त्यामुळे सावली तालुक्यात त्याच्याविरुद्ध 'शून्य जुलाब पंधरवडा' साजरा करण्याचे ठरले, यात नवल नाही. उद्घाटनासाठी बोरटोल्याची अंगणवाडी निवडण्यात आली, कारण तिथे जुलाब आधीच शून्य होते. (काम झालेल्या जागी मोहीम राबवणे केव्हाही सुरक्षित.)

हे शून्य कसे आले ते सांगायला हवे. मागच्या पावसाळ्यात बोरटोल्याच्या चार पोरांना जुलाब लागले. त्यातली साडेतीन वर्षांची सुकरी इतकी सुकली की तिचे डोळे खोल गेले. अंगणवाडी सेविका संघप्रिया रामटेके तिला मांडीवर घेऊन, चमच्याचमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजत, जीपमधून दवाखान्यात पोचल्या. सुकरी वाचली. परत आल्यावर संघप्रियाबाई आणि मदतनीस बायनाबाई मडावी यांनी कोणतीही समिती न नेमता पाणी उकळायला सुरुवात केली. पिण्याचे पाणी खदखदा उकळायचे, झाकून ठेवायचे, लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढायचे. खिचडी गरम असतानाच वाढायची, उरलेली पोरांना द्यायची नाही. जेवणाआधी आणि संडासाहून आल्यावर साबण लावून वीसपर्यंत मोजायचे. या कामाचा एकही फोटो उपलब्ध नाही, त्यामुळे ते झाले असे अधिकृतपणे म्हणता येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी विस्तार अधिकारी गुणवंतराव यांनी अंगणवाडीसमोर हात धुण्याचे केंद्र उभारले. निळ्या फरशा, सहा चकचकीत नळ, वर 'स्वच्छ हात, सुदृढ बालक' अशी पाटी. पाइप जोडायचा राहिला होता. पण तो जमिनीखालून जाणार असल्याने फोटोत तसाही आला नसता.

उद्घाटनाला अकरा पाहुणे आले. पाच भाषणे झाली (चार जंतूंविरुद्ध, एक आभाराचे). मग गुणवंतरावांनी नळासमोर उभे राहून हात धुण्याच्या सात पायऱ्या करून दाखवल्या. तळव्यावर तळवा, बोटांत बोटे, अंगठे, नखे. एकही पायरी चुकली नाही. अकराही पाहुण्यांनी अनुकरण केले. पाणी नसल्याने कोणाचेही कपडे भिजले नाहीत.

नाश्त्याचे आलुबोंडे सकाळी सातला बसस्टँडवरून आणलेले होते. पाहुणे साडेबाराला आले होते. चटणी उघड्या बादलीत होती. तिच्याभोवती माशांची उपस्थिती लक्षणीय होती, मात्र हजेरीपटावर त्यांची सही नाही.

आधी मुलांना द्यावे या मोठ्या मनाने गुणवंतरावांनी एक आलुबोंडा उचलून सुकरीपुढे धरला. ती घेईना.

"घे बेटा, लाजू नको."

"तुमी हात नाई धुतले," सुकरी म्हणाली.

"आत्ताच तर धुतले. पाहिलं नाहीस का?"

"त्यात पानी नोतं."

(इतका नेमका शेरा फाइलवर पडायला साधारण सात वर्षे लागतात. सुकरीला तेव्हा पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती.)

गुणवंतराव दिलखुलास हसले. हसून घसा कोरडा पडला, म्हणून त्यांनी मुलांच्या पिण्याच्या पाण्याच्या हंड्याचे झाकण काढले आणि मनगटापर्यंत हात घालून पेला भरला. बायनाबाईंनी तो हंडा उचलला, अंगणात उपडा केला, घासला, भरला आणि चुलीवर चढवला.

"हे काय करून राह्यल्या, बाई?" गुणवंतरावांनी विचारले. रागात ते गावच्या बोलीवर यायचे.

"पानी उकळून राह्यली, साहेब. तुमचा हात बुडला ना त्यात."

"मी अधिकारी आहे."

"हो ना. पन हे जंतूले कोन सांगंल?"

नोटीस येणार हे संघप्रियाबाईंना स्पष्ट दिसत होते. पण जीपमधले सुकरीचे डोळेही त्यांना दिसत होते. त्या उठल्या आणि त्यांनी चुलीत आणखी एक लाकूड सारले.

सव्वीस मुले तासभर उशिरा, मगाने हात धुऊन, गरम खिचडी जेवली. पाहुण्यांनी आलुबोंडे संपवले.

दुसऱ्या दिवशी अकरांपैकी नऊ पाहुणे कार्यालयात आले नाहीत. अहवालात मात्र 'बाधित बालके : शून्य' अशी अचूक नोंद झाली. नऊ पाहुणे त्या वयोगटात बसत नसल्याने अभियान शंभर टक्के यशस्वी ठरले. तिसऱ्या दिवशी संघप्रियाबाईंना पाण्याची नासाडी आणि पाहुण्यांचा अवमान याबद्दल नोटीस आली. त्या खुलासा लिहायला बसल्या, तेवढ्यात फोन वाजला. आवाज गुणवंतरावांचा होता, पण बराच लहान झालेला.

"बाई, ते मीठ-साखरेचं पाणी. प्रमाण काय असतं?"

"पॅकेट मिळालं तर तेच घ्या, साहेब. नाहीतर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सपाट चमचे. थोडं थोडं प्या. आणि हात धूत जा."

"हो. पाण्यानं ना?"

"पाण्यानं, साहेब."

नोटीस परत घेतल्याचे कोणीही कळवले नाही, पण तिच्याबद्दल पुन्हा कोणी विचारलेही नाही. आठ दिवसांत पाइप जोडला गेला. आता बोरटोल्याला कोणीही साहेब आले की सुकरी त्यांना नळापाशी नेते आणि वीसपर्यंत मोजते. चौदा तिला आठवत नाही, तिथून ती पुन्हा एकपासून सुरू करते. त्यामुळे तालुक्यातले सर्वांत स्वच्छ हात सध्या अधिकाऱ्यांचे आहेत.

हा वृत्तान्त आपण बहुधा मोबाइलवर वाचलात. तो आज सकाळी आपल्यासोबत कुठे कुठे बसून आला, हे विचारण्याचा आम्हाला अधिकार नाही. मात्र वाचताना आपला दुसरा हात मधूनमधून चिवड्याच्या वाटीत जात होता, आणि त्याच वाटीतून घरातले लहानगेही खात होते, एवढी नोंद आम्ही घेतली आहे.