सगळं बॅलन्स

"आकाराम, एवढं ध्यानात ठेव. सगळं बॅलन्स पायजे," सिद्धलिंगअण्णा म्हणाले आणि त्यांनी आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

लक्ष्मीपुरीत मिरचीचं दुकान चालवताना तराजूचा काटा मधोमध आला का, हे बघण्यात अण्णांचा जन्म गेलेला. त्यामुळे बेडरूमला लागून असलेली जुनी मोरी काढून नवी बाथरूम करायची ठरल्यावर तिची मांडणीही त्यांनी तशीच योजली. एका बाजूला बेसिन, दुसऱ्या बाजूला शॉवर आणि बरोब्बर मध्ये कमोड. यात हौसेचा भाग थोडाच. त्या निसरड्या मोरीतच पडून त्यांच्या बायकोचा, चन्नम्माबाईंचा, पाय मोडला होता. पाय प्लॅस्टरमध्ये घेऊन त्या आजऱ्याला भावाकडे जाऊन बसल्या होत्या. "कमोड झाल्याबिगर मी काय घरात पाऊल टाकत न्हाय," असं त्यांनी फोनवर ठणकावलं होतं. खानावळीचा डबा गिळून आणि भिंतींशी बोलून बिचारे अण्णा रडकुंडीला आले होते.

आकाराम उचगावचा गवंडी. हाताला वेग होता, पण मोबाईल नुकताच घेतल्यामुळे 'बॅलन्स'चा त्याला ठाऊक असलेला अर्थ एकच, शिल्लक. मालकाला सगळं थोडंथोडं शिल्लक का हवंय, असा प्रश्न त्याला पडला नाही. मालक लोकांच्या तऱ्हा त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या.

ब्याडगीला मिरचीच्या खरेदीला गेलेले अण्णा आठवड्यानं परतले. फरशी निम्म्या भिंतीपर्यंत येऊन थांबली होती. बेसिनला नळ नव्हता. कमोड बेडरूममध्ये, त्यांच्याच उशीशेजारी, पोत्यावर ठेवलेला होता.

"आरं, ह्ये काय?"

"सगळं बॅलन्स हाय, अण्णा."

"कुठं हाय बॅलन्स?"

"ह्ये काय. निम्मी फरशी बॅलन्स, नळ बॅलन्स, कमोड तर पुराच बॅलन्स. तुमीच म्हटलासा की!"

अण्णा मटकन खाटेवर बसले. रविवारी चन्नम्माबाईंना आणायचं ठरलं होतं. नाही म्हणून कळवायची त्यांची छाती नव्हती.

"बाबा, तुझ्या पाया पडतो," ते म्हणाले. "आता मला कायबी बॅलन्स नको. एक वस्तू जरी बॅलन्स दिसली तर माझ्यासारखा वाईट कोण न्हाय!"

"मग असं सरळ सांगायचं की," आकाराम म्हणाला आणि थापी घेऊन कामाला लागला.

रविवारी अण्णा जीप ठरवून आजऱ्याला गेले. येताना चन्नम्माबाईंनी वाटभर एकच विचारलं, "झालंय न्हवं सगळं?" आणि अण्णांनी वाटभर मान हलवली.

दारातच आकाराम उभा होता. "अण्णा, कायबी बॅलन्स ठेवलं न्हाय!"

अण्णांनी बाथरूमचं दार उघडलं. भिंती चकचकीत झाल्या होत्या. डावीकडे बेसिन, उजवीकडे शॉवर. आणि बरोब्बर मध्ये एक उंच चौथरा, त्याला तीन पायऱ्या आणि वर कमोड. एखाद्या चौकात पुतळा बसवावा तसा तो बसवला होता.

"ह्यो चौथरा कुणी सांगितलता?" अण्णांनी विचारलं.

"दोन पोती शिमीट आणि खोकंभर फरशी उरलती. तुमी तर म्हटलासा, कायबी बॅलन्स नको. मग सगळं त्याच्याखाली घातलं."

कुबडीवर रेललेल्या चन्नम्माबाईंनी आधी चौथऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या प्लॅस्टरकडे आणि शेवटी नवऱ्याकडे.

"अवो, मी हितं बसायला आलोय का उद्घाटनाला?" त्या म्हणाल्या. "जीपवाल्याला थांबवा. माझ्या भावाच्यात निदान पायऱ्या तर न्हाईत."

अण्णांनी हात जोडले, उद्या सकाळीच चौथरा फोडतो म्हणाले. पण कमोडची गरज उद्यापर्यंत थांबणारी नव्हती. जीप आल्या पावली वळली. अण्णा आत आले आणि चौथऱ्याच्या खालच्या पायरीवर डोकं धरून बसले. डबा तर आज सांगितलेलाही नव्हता.

आकाराम दारात घुटमळला. "वैनी गेल्या व्हय? मग आता त्यांचं येणं...?"

"बॅलन्स हाय," अण्णा म्हणाले.

या खेपेला दोघांनाही त्याचा अर्थ एकच कळला.