दाणा कोणी चावला?

आमच्या तुमसरात मनोहरभाऊंच्या कामाची तारीफ केली की ते तोंड कडू करत, आणि चूक दाखवली की जिलेबी खाऊ घालत. "चूक सांगा बाप्पा, चूक! तारीफ कायले करता? तारीफीनं प्रोग्राम सुधरते काय?" हे त्यांचं पालुपद. कोपऱ्यावरचा हलवाई मला विचारायचा, "आज किती चुका निघाल्या जी?" आणि तेवढाच घाणा काढायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती आणि मागची एक खोली रिकामी. मनोहर हटवार नागपूरची नोकरी सोडून त्या खोलीत आले ते कॉम्प्युटर रजईत गुंडाळून. एस.टी.त पडदा मांडीवर, बाकीचं सीटखाली. कंडक्टरनं पडद्याचं अर्धं तिकीट मागितलं, यांनी खुशीनं काढलं.

धान किती वाळलं की भरडावं, हे सांगणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. ओलं राहिलं तरी तांदूळ तुटतो, जास्त वाळलं तरी तुटतो, आणि कणीला कोण विचारतो? धानाची जात, उन्हातले तास आणि एका मापाचं वजन सांगितलं की पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत: 'आज भरडा' किंवा 'अजून एक ऊन'.

विकायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मोपेडवर गिरण्या पालथ्या घातल्या. मालक विचारत, "हे मशीन धान भरडते काय?" नाही म्हटलं की चहा पाजून वाटेला लावत. शेवटी एक शेठ तयार झाले. महिनाभर फुकट वापरून पाहतो, जमलं तर तिन्ही गिरण्यांसाठी घेतो, म्हणाले. वर अर्धं पोतं चिन्नोर तांदूळ दिला. आमच्या दोघांच्या कंपनीची पहिली कमाई! मनोहरभाऊंनी त्याचा भात खाल्ला आणि म्हणाले, "तुकडा लय आहे. शेठले आपली गरज आहे."

शेठच्या गिरणीत धान वाळलं का हे पारखायचं काम सुगंधाबाई करत. साठीच्या घरातल्या. दाणा दाढेखाली धरायचा, कट् वाजला की निकाल. मी गिरणीच्या अंगणात वाळणाऱ्या धानाचं वजन टिपून खोलीवर न्यायचो आणि कॉम्प्युटरचा जबाब चिठ्ठीवर परत आणायचो. पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटर सहा वेळा हरला. मनोहरभाऊ हर्षानं जिलेबीचे पुडे घेऊन धावले. तिसऱ्या दिवशी बाईंनी हात जोडले, "रोज रोज गोड नोको जी. दात जातीन. दातावरच तं पोट आहे माह्यं." तेव्हापासून त्यांच्यापुरती केळी आली.

मग भाऊ अंगणातच ठाण मांडून बसू लागले.

"बाई, चावल्यावर काय आयकू येते?"

"आयकू नाही येत जी. दाताले समजते."

तेही दाणे चावू लागले. आठ दिवसांत पुढचा दात अर्धा तुटला, त्याची नोंद वहीत झाली. पण बाई ढगाळ दिवशी कोणत्या कोपऱ्यातला दाणा उचलतात, दुपारी दुसऱ्यांदा का चावतात, हे सगळं प्रोग्राममध्ये उतरलं. महिना संपता संपता बाई आणि कॉम्प्युटर बरोबरीला आले.

शेठ खूश. "वा! मंग आता बाईले कायले ठेवू? सोमवारपासून सुट्टी."

बाई उन्हातलं धान पायानं उलटवत होत्या. त्यांनी ऐकलं. पाय थांबले नाहीत.

परतल्यावर मनोहरभाऊ थेट खोलीत शिरले. दोन दिवस खोलीला आतून कडी.

सोमवारी शेठ सौदा करायला आले. आकडे घातले, पण पडद्यावर जबाबाऐवजी प्रश्न आला, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'सुगंधाबाईनं दाणा चावला काय? ओला की सुका?' शेठ हसले, नुसतंच बटण दाबलं. प्रश्न हलेना. पुन्हा दाबलं. हलेना.

"हे काढून टाका. आत्ता तिन्ही गिरण्यांचं पक्कं करतो."

"निघत नाही जी," मनोहरभाऊ म्हणाले. "काढलं तं सारा प्रोग्राम बसते."

ती एकच ओळ होती. पुसायला अर्धं मिनिट पुरलं असतं. शेठनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

शेठनं एकाच गिरणीपुरता प्रोग्राम घेतला, कुरकुरत. मनानं ओला-सुका टाकावं तर तांदूळ तुटायची धास्ती, म्हणून बाई कामावर राहिल्या. त्या वर्षी आम्हाला दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही.

पुढं एके दुपारी सुगंधाबाई खोलीवर आल्या. चपला बाहेर काढल्या, पदर डोक्यावर घेतला. "त्या डब्यात माह्यं नाव आहे म्हणे?"

मनोहरभाऊंनी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि अक्षरांखालून बोट फिरवत वाचून दाखवलं. बाईंना वाचता येत नव्हतं.

"गावाचं नाव काहून नाही टाकलं जी? सुगंधा तं दोन आहेत गिरणीत."

"हो बाई, राह्यलंच ते," मनोहरभाऊ म्हणाले, आणि खुर्ची पुढं ओढून दोन बोटांनी टाइप करू लागले.